ओट्याखाली भासरे आणि मी

भासऱ्यांच्या मांडीतून रक्त वाहत होतं आणि माझा एक हात मोकळा होता. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. आम्ही दोघं एका कोसळलेल्या लाकडी ओट्याखाली चिखलात दबलो होतो. त्यांच्या दोन्ही पायांवर जाड आडवं लाकूड पडलं होतं. माझ्या कमरेवर फळ्यांचा ढीग, डावा हात माझ्याच अंगाखाली, उजवा तेवढा सुटा. त्यांची मांडी त्या हातापासून वीतभर लांब होती. फाटलेल्या फळीचं टोक आत घुसून निघालं होतं आणि तिथून रक्त येत होतं... आणि मी तो मोकळा हात चिखलात तसाच ठेवून पडून होते. आमच्याकडे लहान भावाची बायको भासऱ्याला शिवत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून चाळीस वर्षांत माझं बोट त्यांना लागलं नव्हतं. वर पाण्याचा फवारा मारायची पेट्रोलची प्रेशर मशीन धडधडत होती. तिच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती.

भासऱ्यांना जाऊन आता सव्वा महिना झाला. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तोंडाने कधी घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ. आमच्या भागात ज्यांचे लाकडी ओटे त्यांनी धुऊन, घासून, तेल पाजून उभे ठेवले, त्या सगळ्यांना ते ठाऊक आहेत. लोक म्हणतात, त्यांच्या कामाबद्दल लिहा. लिहायला बसले की तो चिखल आधी आठवतो, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

ते मुळात आरा मशीनवरचे. गोंदियाला लाकूड कापायच्या कारखान्यात तरुणपण गेलं. डोळे बांधून नुसत्या वासावरून हा बिजा, हा साग, हा साजा असं सांगायचे. तो कारखाना बंद पडला तेव्हा मुर्रीच्या बाजूला ट्रक धुवायच्या जागी लागले. प्रेशरची मशीन पहिल्यांदा तिथे हातात आली. पुढे अर्जुनी मोरगावकडे, जंगलाच्या कडेला, शहरातल्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट झाले. खोलीसमोर फळ्यांचा ओटा, खाली खांब, वर खुर्च्या. ते लोक त्याला डेक म्हणतात. दोन पावसाळे अंगावर गेले की सागवान राखेसारखं करडं पडतं, सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं आणि माणूस घसरून पडतो. एका मालकाने भासऱ्यांना मशीन घेऊन बोलावलं. भासऱ्यांनी तो ओटा ट्रक धुतात तसा धुतला. गन जवळ धरून, पूर्ण जोर लावून. संध्याकाळपर्यंत ओटा पिवळाधमक निघाला, मालक खूश झाला. दुसऱ्या दिवशी लाकूड वाळलं आणि सगळ्या फळ्यांना केस उभे राहिले, ओल्या कुत्र्याच्या पाठीसारखे. एका पाहुण्या बाईच्या तळपायात लाकडाचं कुसळ शिरलं.

ही गोष्ट त्यांना फार लागली. ट्रकवाल्याने केलं असतं तर चाललं असतं, पण हे लाकडात वाढलेले. कोणी न बोलावता परत गेले, माझ्या नवऱ्याला सोबत नेलं आणि दोघा भावांनी गुडघ्यांवर बसून घासपेपरने तो अख्खा ओटा हाताने घासला. घरी आल्यावर मागच्या अंगणात जुन्या फळ्या मांडून ते महिनाभर नुसता सराव करत होते. गन हातभर दूर. फवारा पंख्यासारखा पसरट. लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडेच हात न्यायचा, आडवा कधीच नाही. धुऊन झालं की दोन-तीन उन्हं द्यायची, मग घासायचं, मग जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने पाजायचं. आणि सगळ्यात आधी, मशीन सुरू करायच्या आधी, ओट्याखाली जाऊन प्रत्येक खांबाच्या बुडाला पेचकस, म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार, टोचून पाहायचा, लाकूड आतून पोकळ तर नाही ना. "करड्या लाकडाले भ्याचं नाही," ते नवऱ्याला सांगायचे, "रंग मारलेल्या लाकडाले भ्याचं. त्याच्या पोटात काय हाय ते दिसत नाही."

माझा नवरा काविळीने गेला. त्यानंतर भासऱ्यांनी दोन परक्या माणसांना सोबत घेऊन पाहिलं, दोघांनाही आठ दिवसांत हाकललं. एक तेल ओतायचा आणि दुसरा बोलायचा फार. मग माझी मोठी जाऊ, म्हणजे भासऱ्यांची बायको, मला म्हणाली, "तूच जात जाय वं. घरात बसून काय करतेस? धान कापाले जातेसच नं, तसंच हे."

"त्याईच्यासोबत मी बोलू कशी?" मी म्हटलं.

"बोलाचं कायले? लाकूड घासाचं हाय."

पण काम म्हटलं की बोलावं लागतंच. पहिल्याच दिवशी पाणी संपत आलं आणि मला ते सांगायचं होतं. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बादलीकडे पाहून म्हटलं, "बादली, टाकीतलं पाणी सरून राहिलं म्हणून सांगजो." भासरे मशीनकडे पाहून म्हणाले, "मशीन, मले दिसून राहिलं म्हणून सांग." झालं. तेव्हापासून मी बादलीशी आणि ते मशीनशी. वर्षामागून वर्षं आम्ही असं काम केलं. भांडलोही असंच. एकदा मी म्हटलं, "बादली, कोणाकोणाचा हात तेलाले लई आखडते." ते म्हणाले, "मशीन, कोणाकोणाले वाटते लाकूड म्हणजे भजं होय, तेलात पोहलं पाह्यजे." रिसॉर्टमधले पोरगे तोंड दाबून हसायचे. हसोत. माझ्या आयुष्यात इतकं नीट काम मी दुसऱ्या कोणासोबत केलं नाही, नवऱ्यासोबत धरूनही.

त्या दिवशी आम्ही तळ्याच्या काठावरच्या ओट्यावर होतो. पावसाळाभर जंगल बंद असतं, रिसॉर्टही बंद. उघडायच्या आधी ओटे धुऊन घेतात. तिथे चौकीदार देवाजी सोडून कोणी नव्हतं, तोही लांब फाटकाजवळच्या खोलीत स्वयंपाकाला लागला होता. मॅनेजरचा सकाळपासून फोन, परवा पाहुणे आहेत, लवकर आटपा. खांब टोचायचं काम माझं. मागच्या बाजूला जमीन उंच आहे, ओटा गुडघ्याएवढाच वर. तळ्याकडे उतार आहे, तिथे खांब माणसापेक्षा उंच. मी मागून टोचत टोचत पुढे निघाले होते, आणि माझं व्हायच्या आधीच भासऱ्यांनी वर मशीन सुरू केली. ही चूक त्यांची. मेले म्हणून मी ती झाकणार नाही.

तळ्याकडचा कोपऱ्यातला खांब वरून चकचकीत होता, नुकता रंग मारलेला. पेचकस टेकवला आणि मुठीपर्यंत आत गेला. आत उदईची, म्हणजे वाळवीची, माती भरलेली. दुसऱ्याचंही तेच. मी धावत वर आले. भासरे ओट्याच्या मागच्या भागात, माझ्याकडे पाठ करून फवारा मारत होते, कानांवर फडकं बांधलेलं. मी बादलीला ओरडून सांगितलं, पायरीवर पाय आपटला. खडा मारायचं मनात आलं, पण भासऱ्याला खडा कसा मारायचा! त्यांची पाठ माझ्यापासून दोन हातांवर होती. दुसरी कोणीही असती तर पाठीवर थाप मारली असती आणि दोघं मागच्या मागे जमिनीवर उतरले असते. मी काय केलं, तर त्यांना दिसावं म्हणून वळसा घालून त्यांच्या समोर गेले. समोर म्हणजे तळ्याकडे. पोकळ खांबांवर. मला पाहून त्यांनी गन सोडली आणि काय झालं म्हणून दोन पावलं पुढे आले. दोघांचं वजन त्या कोपऱ्यात गेलं... आणि ओटा खाली बसला. ही चूक माझी.

मशीन मागे, उंच जमिनीवर होती. तिला काहीच झालं नाही. तिची पेट्रोलची टाकी सकाळीच भरलेली. देवाजीने नंतर सांगितलं, मशीन वाजत होती म्हणजे तुम्ही कामात आहात असं मी समजलो. मला ते तेव्हाच कळलं होतं. जोवर ती वाजते आहे तोवर कोणी येणार नाही, हे मी पडल्या पडल्या समजून चुकले. कूस बदलता येत नव्हती. श्वास पूर्ण घेतला की फळीतला खिळा बरगडीला टोचायचा, म्हणून अर्धाच घ्यायचा. वर फटींतून आभाळाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या, बाकी अंधार, चिखल आणि तो आवाज.

भासऱ्यांच्या कानांवरचं फडकं पडताना सुटलं होतं. मी ओरडले. बादली नव्हती. मला त्यांना हाक मारायला शब्दच ठाऊक नव्हता.

"जी! रक्त जाऊन राहिलं तुमचं!"

"जाऊ दे."

"तुमचा हात पोचते का?"

"एक मोडला. एक खाली दबला."

"मंग मी दाबतो."

"नोको!" ते इतक्या जोरात म्हणाले की मशीनवरूनही ऐकू आलं. "दूर राह्य. लहान्या भावाले वरतं जाऊन काय सांगू मी?"

मी हात पुढे केला नाही. लोकांना वाटतं, मी लगेच दाबलं. नाही. मी थांबले. किती वेळ ते ठाऊक नाही, पण थांबले. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. कोणीतरी येऊन आम्हाला काढेल तेव्हा माझा हात कुठे असेल, हे मनात आलं. माणूस मरतो आहे आणि मी हात कुठे दिसेल याचा विचार करते आहे... त्यांचं रक्त चिखलातून सरकत माझ्या बोटांपर्यंत आलं. ऊन होतं. मी न शिवताही ते मला लागलंच होतं.

त्यांचा आवाज जड झाला. मग मी डोक्यावरचा पदर ओढून काढला, त्याचा बोळा केला, मांडीवर ठेवला आणि मूठ रोवली. ते ओरडले. पहिल्यांदा मला वाटलं, दुखलं म्हणून. मग पाहिलं तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. माझं डोकं उघडं होतं म्हणून.

"डोळे उघडा," मी म्हटलं.

"नाही."

"उघडा जी! मिटलेल्या डोळ्याचा माणूस जिता हाय का मेला, मले कसं समजन?"

"मी बोलत राह्यतो. बोलतो तोवर जिता."

मग त्यांना बोलतं ठेवणं हेच माझं काम झालं. मूठ जरा ढिली पडली की बोटांखाली ऊन रक्त लागायचं, की पुन्हा दाबायचं. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेच कळेना. ते गप्प झाले की मी विचारायची. साग आणि बिज्यात तेल जास्त कोणतं पितं? पहिला ओटा केसाळ केला तेव्हा मालकाने काय शिव्या दिल्या? "शिव्या नाही देल्या," ते म्हणाले, "हसला तो. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं." असं डोळे मिटून, तुकड्या-तुकड्याने. एकदा म्हणाले, "लहानीबाई, एक सांग. तू समोर काऊन आलीस? मांगून सांगाचं होतं."

"मांगून आवाज येत नव्हता तुमाले."

"मंग हात लावाचा होता पाठीले."

"तुमच्या पाठीले मी हात कसा लावू?"

मी मूठ आणखी रोवली. मग ते म्हणाले, "हो. तेही खरंच हाय."

मशीन थांबली तेव्हा मला आधी वाटलं, मला ऐकू येणं बंद झालं. मग तळ्यावरचे पक्षी ऐकू आले. मी ओरडायला लागले. घशात चिखल होता, तरी ओरडले. देवाजी आला, फटीतून वाकून पाहिलं, आणि माझं उघडं डोकं आणि भासऱ्यांच्या मांडीवरचा हात पाहून त्याने चक्क तोंड फिरवलं. पाठ करून उभा राहिला!

"तोंड कायले फिरवतेस रे मुडद्या, फळी उचल!" मी म्हटलं. मग तो धावला. गावातून माणसं आणि ट्रॅक्टरचा जॅक येईपर्यंत मी मूठ काढली नाही. काढताना दुसऱ्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली.

गोंदियाच्या दवाखान्यात जाऊबाई आली. तिने माझा हात पाहिला, रेषांमध्ये रक्त सुकलेलं. "थांब, मी धुतो," म्हणाली आणि नळाखाली धरून धुतला. पुढे गावात दोन-तीन म्हाताऱ्यांनी विटाळ फेडायची गोष्ट काढली तेव्हा तिने त्यांना ऐकवलं. "तुमचे नवरे दबले तं तुमी काठीनं दाबजा," म्हणाली. ती गोष्ट तिथेच संपली.

भासऱ्यांची संपली नाही. त्यांचा एक पाय कायमचा गेल्यातच जमा होता, काठी घेऊन खोलीपासून न्हाणीपर्यंत जायचे. मी अंगणात आले की भिंतीकडे तोंड करायचे. पहिलं वर्ष एक शब्द नाही. मशीनशीसुद्धा नाही. मला फार राग यायचा. जीव वाचवला म्हणून माझ्या पाया पडा असं मी म्हणत नव्हते, पण भिंत कशाला? जाऊबाई म्हणायची, जाऊ दे वं, लाजून राहिले. मी म्हणायची, लाजायला ते काय नवी नवरी आहेत? आता वाटतं, मी त्या फळ्यांखालून त्याच दिवशी निघाले, ते निघाले नाहीत. त्या खोलीला एकच खिडकी, तीही गोठ्याकडे. तिथे ते पडून राहायचे, अर्धं दार लावून.

मशीन मी चालवायला घेतली. दुसरं कोण चालवणार होतं? पहिला ओटा मी बिघडवला. रिसॉर्टमधल्या पोराकडून फोनवर फोटो काढून आणला आणि अंगणात जाऊबाईला दाखवत होते, पाहा बाई, फळ्यांना केस उभे राहिले, असं का झालं असेल. अर्ध्या दारामागून आवाज आला, "गन जवळ धरली तिनं. हातभर दूर म्हणून सांग." जाऊबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने म्हटलं, "हातभरच धरली होती." आतून आवाज आला, "तिचा हात लहान हाय. दीड हात धर म्हणा." त्यानंतर प्रत्येक कामानंतर मी त्या दारासमोर बसून जाऊबाईला सगळं सांगायची, जाऊबाई तांदूळ निवडत ऐकायची, उत्तरं आतून यायची. खांबांचं विचारल्याशिवाय त्यांनी मला एकदाही जाऊ दिलं नाही. सगळे टोचले का, कोपऱ्यातले टोचले का, दोनदा टोचले का. दार पूर्ण उघडलं मात्र कधीच नाही.

या वर्षी, मी एक ओटा धुऊन वाळायला सोडला होता तेव्हा, त्यांना दोन दिवस ताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईने मला बोलावलं. मी पदर घेऊन दारात उभी राहिले. दार उघडं होतं, आणि ते भिंतीकडे तोंड करून नव्हते. डोळे उघडे होते, माझ्याकडे होते.

"ओटा वाळला का?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, जाऊबाईला नाही.

"नाही जी. पाणी येऊन राहिलं मधात मधात."

"मंग तेल नोको पाजू अजून."

"नाही पाजत."

"घाई नोको करू."

"नाही करत जी."

एवढंच. दुपारी ते गेले. बायकांनी एकेक करून तोंडात पाणी घातलं. जाऊबाईने मला हाक मारली, ये, तूही घाल. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी जागची हलले नाही. लाजेने नाही आणि रीत म्हणूनही नाही. मेलेल्याच्या तोंडात पाणी घालायला बायका पुष्कळ होत्या. मला लावायचा होता तेव्हा मी हात लावला होता, उशिरा का होईना.

त्या दिवशी ओट्याखाली आम्ही दोघं दबलो होतो. भासरे त्यानंतर चार वर्षं जगले. मी अजून आहे.